प्रथमपुरुषाचा अधिकार

व्याकरणाच्या पुस्तकांत प्रथम, द्वितीय आणि तृतीय अशा तीन पुरुषांचा एक पाठ असतो. शाळेंत तो घोकून झाला म्हणजे विद्यार्थी त्याला विसरतो. आणि पुढें मोठेपणीं तो लेखक झाला तरी या पाठांत कांहीं न्यायान्यायाचा प्रश्न दडलेला असेल अशी शंकाहि त्याला येत नाहीं. परंतु वाङ्मयाच्या इतिहासाकडे थोडें बारकाईनें पाहिलें तर असें दिसून येईल कीं, 'मी' म्हणण्याचा अधिकार सर्वांना सारखा मिळालेला नाहीं. कित्येकांच्या वांट्याला पिढ्यान् पिढ्या 'तो' आणि 'ते' एवढेंच आलें. त्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें, कळवळ्यानेंहि लिहिलें गेलें. पण लेखणी दुसऱ्याच्या हातांत होती. १९७८ सालीं दया पवार यांचें 'बलुतं' प्रसिद्ध झालें, तेव्हां मराठी वाचक हादरला तो केवळ त्यांतील दु:खानें नव्हे. ज्याच्याविषयीं आपण इतके दिवस बोलत होतों तोच आतां 'मी' म्हणून बोलूं लागला आहे, ही जाणीव त्या हादऱ्याच्या मुळाशीं होती.

अमेरिकेंत गेल्या तीसेक वर्षांत स्वमग्न माणसांची जी हक्कांची चळवळ उभी राहिली, तिचाहि विचार याच बाजूनें व्हावा असें आम्हांला वाटतें. तिच्या सभांचा आणि ठरावांचा वृत्तांत देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. तिनें जें वाङ्मय निर्माण केलें आणि ज्या वाङ्मयाविरुद्ध ती लढली, त्या दोहोंचें परीक्षण करण्याचा हा प्रयत्न आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: या चळवळीनें राष्ट्रीय पातळीवर मिळविलेला पहिला गाजलेला विजय हा मुळांत एका अलंकाराविरुद्धचा विजय होता, आणि तिच्यापुढें आज उभा असलेला सर्वांत अवघड प्रश्न हा एका सर्वनामाचा प्रश्न आहे.

'ऑटिझम' हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोवैद्यानें १९११ सालच्या आपल्या ग्रंथांत वापरला. ग्रीक भाषेंतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दापासून तो बनविलेला होता, आणि त्याचा रोख निराळ्याच रोगाकडे होता. पुढें १९४३ सालीं लिओ कॅनर यांनीं अमेरिकेंत अकरा मुलांविषयीं एक निबंध लिहिला आणि त्या शब्दाला आजचा अर्थ मिळाला. या निबंधांत सर्वनामांविषयीं एक लक्षांत राहण्याजोगें निरीक्षण आहे. हीं मुलें सर्वनामें जशीं ऐकतात तशींच परत उच्चारतात, असें कॅनर यांना आढळून आलें. आईनें एकदां 'आतां मी तुला दूध देतें' असें म्हटलेलें असलें, तर पुढें दूध हवें झालें म्हणजे मूल तेंच वाक्य, 'मी' आणि 'तुला' यांच्यासकट, जसेंच्या तसें म्हणून दाखवितें. ऐकलेल्या वाक्याचा तो प्रतिध्वनि आहे, एवढेंच या नोंदीवरून दिसतें. पण १९६७ सालीं ब्रूनो बेटेलहाइम यांनीं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या ग्रंथांत याच गोष्टीला फार मोठा अर्थ दिला. मूल 'मी' म्हणत नाहीं, कारण तें आपलें अस्तित्वच नाकारतें, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि या नाकारण्याचा दोष त्यांनीं आईबापांच्या, विशेषतः आईच्या, माथीं मारला. ग्रंथाचें नांवच पाहावें: 'रिकामा किल्ला'. आंत कोणी नाहींच, मग उत्तर येण्याची वाट कोण पाहणार?

ज्यांना 'मी' म्हणतां येत नाहीं असा शास्त्राचा निर्वाळा होता, त्यांच्यापैकींच कांहींनीं पुढें आत्मचरित्रें लिहिलीं. टेंपल ग्रँडिन यांचें १९८६ सालीं आणि डॉना विल्यम्स यांचें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. रिकामा म्हटलेल्या किल्ल्याच्या खिडकींत दिवा दिसला. तरी पण आत्मचरित्र हें एकट्याचें असतें. वाचक त्याचें कौतुक करतो, त्याला अपवाद ठरवितो आणि आपलें मत न बदलतां पुस्तक मिटतो. एकट्याच्या 'मी'चा 'आम्ही' झाला तो जिम सिंक्लेअर, डॉना विल्यम्स आणि कॅथी ग्रँट यांनीं १९९२ सालीं 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' ही संस्था काढली तेव्हां. आणि त्या 'आम्ही'ला वाङ्मयीन रूप मिळालें तें सिंक्लेअर यांच्या 'डोन्ट मोर्न फॉर अस', म्हणजे 'आमच्यासाठीं शोक करूं नका', या निबंधांत. टोरॉंटो येथें १९९३ सालीं भरलेल्या परिषदेंतील भाषणावरून तो तयार झाला आणि त्याच वर्षीं संस्थेच्या वार्तापत्रांत प्रसिद्ध झाला.

हा निबंध लहान आहे, आणि त्याचें बळ त्याच्या संबोधनांत आहे. तो वैद्यांना उद्देशून नाहीं, सरकारला उद्देशून नाहीं. तो आईबापांना उद्देशून आहे. सिंक्लेअर त्यांना म्हणतात, तुमचें दु:ख खरें आहे, पण तें या मुलाचें नाहीं. ज्या मुलाची तुम्हीं वाट पाहिली तें आलेंच नाहीं, त्याच्यासाठीं रडा. मात्र जें आलें आहे, जिवंत आहे आणि तुमच्याकडे पाहत आहे, त्याच्या अंगावर तें रडणें लादूं नका. स्वमग्नता म्हणजे धडधाकट मुलाभोंवतीं आलेलें कवच नव्हे, कीं तें फोडलें म्हणजे आंतून निराळें मूल बाहेर येईल. ती त्याच्या पाहण्यांत, ऐकण्यांत, विचारांत इतकी भिनलेली असते कीं ती वजा केली तर उरेल तें मूल दुसरेंच असेल. म्हणून आईबाप जेव्हां 'याला हें नसतें तर' असें म्हणतात, तेव्हां मुलाच्या कानावर पडतें तें एवढेंच कीं, 'तूं नसतास आणि तुझ्या जागीं दुसरा कोणी असता, तर'.

यांतील तर्क कठोर आहे, परंतु स्वर कठोर नाहीं. समोरच्याचें दु:ख मान्य करून मगच त्याची दिशा बदलावयाची, ही सांत्वनाची फार जुनी रीति आहे. येथें मात्र ज्याच्याबद्दल शोक चालला आहे तोच सांत्वन करीत आहे, आणि हेंच या निबंधाचें नवेपण. त्यांत एक उणीवहि आहे. दुसऱ्याच जगांतून चुकून तुमच्या घरीं येऊन पडलेलें परकें मूल, अशी जी प्रतिमा सिंक्लेअर वापरतात ती दुधारी आहे. तिनें कुतूहल जागें होतें हें खरें. पण परका मानलेल्याला वेगळ्या आळींत ठेवण्याची समाजाची खोडहि जुनीच आहे. पुढील काळांतल्या लेखकांनीं ही प्रतिमा जपून वापरावयास हवी होती. पुष्कळांनीं ती जपून वापरली नाहीं.

आतां त्या अलंकाराकडे वळूं. निर्जीवाला किंवा अमूर्ताला सजीवाचे गुण देणें यास आपण चेतनगुणोक्ति म्हणतों. या अलंकारांत निसर्ग हंसतो, वारा बोलतो आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. डिसेंबर २००७ मध्यें न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानसशास्त्र केंद्रानें जाहिरातींची एक मालिका काढली, तींत मुलांचे निरनिराळे मनोविकार खंडणीखोरांच्या भाषेंत पत्रें लिहीत होते. आईबापांना उद्देशून एका पत्राचा आशय असा होता कीं, तुमचा मुलगा आमच्या ताब्यांत आहे, त्याला स्वतःची काळजी घेतां येणार नाहीं आणि माणसांत मिसळतां येणार नाहीं याची व्यवस्था आम्ही करूं. आणि खालीं सही होती 'ऑटिझम'. उपचारावांचून राहणाऱ्या मुलांकडे समाजाचें लक्ष वेधावें असा केंद्राचा हेतु होता, आणि त्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. वाईट होती ती वाक्यरचना. या पत्रांतील तीन पुरुष कोण तें पाहावें. प्रथमपुरुष रोगाचा, द्वितीयपुरुष आईबापांचा आणि तृतीयपुरुष मुलाचा. तें मूल पत्रांत आहे, पण ओलीस म्हणून. त्याला वाचा नाहीं, आणि पत्र त्याला उद्देशूनहि नाहीं. रोगाला जीभ द्यावयाची तर मुलाची जीभ काढून घ्यावी लागते, हें या चेतनगुणोक्तीचें खरें स्वरूप होय.

ज्यांनीं हें ओळखलें ते अलंकारशास्त्राचे पंडित नव्हते. आरी नीमन आणि स्कॉट रॉबर्टसन यांनीं २००६ सालीं 'ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क' नांवाची संस्था स्थापन केली होती. ती स्वमग्न माणसांनीं स्वतः चालविलेली होती, आणि नीमन त्या वेळीं विशीच्या आंतबाहेरचे विद्यार्थी होते. त्यांनीं अपंगांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या अनेक संस्थांच्या सह्या गोळा केल्या आणि आक्षेप लिहून प्रसिद्ध केला. कांहीं आठवड्यांच्या आंत, त्याच डिसेंबरांत, केंद्रानें ती मालिका मागें घेतली. पुढें डिसेंबर २००९ मध्यें अध्यक्ष ओबामा यांनीं अपंगत्वविषयक राष्ट्रीय मंडळावर नीमन यांचें नांव सुचविलें आणि बराच विरोध होऊन जून २०१० मध्यें सिनेटनें त्यास मान्यता दिली. स्वमग्न मनुष्य त्या मंडळावर प्रथमच बसला. एका टीकालेखापासून राष्ट्रीय मंडळापर्यंतचा हा प्रवास वाङ्मयटीकेला हलकें समजणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावा.

तरी तो अलंकार मेला नव्हता. २००५ सालीं स्थापन झालेल्या एका बलाढ्य संस्थेचें नांवच 'ऑटिझम स्पीक्स', म्हणजे 'स्वमग्नता बोलते', असें होतें. स्वमग्न माणूस नव्हे, स्वमग्नता! या संस्थेनें सप्टेंबर २००९ मध्यें 'आय अ‍ॅम ऑटिझम' ही चित्रफीत दाखविली. अल्फोन्सो क्वारॉन यांच्यासारखा नामांकित दिग्दर्शक तिला लाभला होता. तींत पुन्हां रोगच 'मी' म्हणून बोलतो: मी तुमचा संसार मोडीन, तुमचा पैसा संपवीन, तुमची झोंप हिरावून घेईन. मग आईबाप 'आम्ही' म्हणून त्याला उत्तर देतात. चित्रें मुलांचीं आहेत, ध्वनि दुसऱ्यांचा आहे. दिग्दर्शकाचें कसब वाखाणण्यासारखें आहे, म्हणूनच दोष अधिक ठळक दिसतो. कला आणि जीवन यांच्या नात्यावर फडके-खांडेकरांच्या काळीं आपल्याकडे रणें माजलीं. येथें त्या वादाचा निकाल पडद्यावरच लागलेला दिसतो. जी कलाकृति आपल्या विषयालाच मुकें करते ती नीतीच्याच नव्हे तर कलेच्या कसोटीसहि उतरत नाहीं, कारण तिनें मुख्य पात्रच रंगवलेलें नसतें.

या चित्रफितीविरुद्ध मोठा गवगवा झाला आणि ती संस्थेच्या संकेतस्थळावरून काढण्यांत आली. या संस्थेंत सल्लागार असलेले स्वमग्न लेखक जॉन एल्डर रॉबिसन यांनीं २०१३ सालीं राजीनामा दिला. २०१५ च्या अखेरीस तिच्या संचालक मंडळावर प्रथमच स्वमग्न माणसें आलीं आणि २०१६ सालीं 'रोग बरा करणें' हे शब्द तिच्या ध्येयवाक्यांतून गेले. शब्द गेले म्हणजे सर्व कांहीं साधलें असें नाहीं. परंतु शब्द जाण्यास दहाहून अधिक वर्षें लागलीं, यावरून ते किती खोल रुतलेले होते तें कळतें.

या चळवळीचें स्वतःचें वाङ्मय पाहावयाचें तर जूलिया बॅस्कम यांनीं संपादिलेला आणि नीमन यांच्या संस्थेनें २०१२ सालीं काढलेला 'लाउड हँड्स' हा संग्रह हातीं घ्यावा. त्याच्या नांवाला एक पूर्वपीठिका आहे. स्वमग्न मूल आनंदानें किंवा घाबरून हात फडफडवूं लागलें म्हणजे शिकविणारे त्याला 'हात शांत' अशी आज्ञा करतात. त्या आज्ञेला 'बोलके हात' हें उत्तर आहे. संग्रहांत सिंक्लेअर यांचा जुना निबंधहि घेतलेला आहे, त्यामुळें वाचकाला परंपरेचा धागा हातीं लागतो. उत्तम लेखांत अनुभवाची नेमकी नोंद आहे आणि दयेची याचना नाहीं. पण साराच संग्रह या तोलाचा नाहीं. कित्येक लेख तात्कालिक वादांतून जन्मलेले आहेत आणि तो वाद ठाऊक नसलेल्या वाचकाला ते कोरडे वाटतील. एकच आशय अनेक मुखांनीं येतो. आपल्याच माणसांना पटलेली गोष्ट पुन्हां पटविण्यांत बरीच पानें खर्चीं पडलीं आहेत. चळवळीच्या वाङ्मयाचा हा सार्वत्रिक रोग आहे, आणि त्याला हा ग्रंथ अपवाद नाहीं.

याहून धाडसी कृति आम्हांला वाटते ती मेल बॅग्ज यांची 'इन माय लँग्वेज' ही २००७ सालची छोटी चित्रफीत. तिच्या पहिल्या भागांत शब्द नाहींत. एक व्यक्ति हातानें वस्तूंना स्पर्श करते, डोलते, गुणगुणते, वाहत्या पाण्याशीं बोटें खेळविते. नंतर टंकलेले शब्द यंत्राच्या आवाजांत ऐकूं येतात आणि त्यांना 'भाषांतर' असें म्हटलें आहे. प्रेक्षकाला वाटतें, आतां त्या हालचालींचा अर्थ सांगितला जाईल. पण सांगितलें जातें तें निराळेंच. तीं चिन्हें नव्हतींच, भोंवतालच्या प्रत्येक वस्तूशीं चाललेला तो अखंड संवाद होता. आणि मी तुमच्या भाषेंत टंकूं लागल्यावरच तुम्ही मला विचार करणारा प्राणी मानूं लागलां, हें तुमच्याविषयीं बरेंच कांहीं सांगून जातें. अर्थ शोधण्याची टीकाकाराची हौस येथें त्याच्यावरच उलटविली आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हें सर्व ज्यांना लिहितां बोलतां येतें त्यांचें झालें. ज्याचें मूल पंचविसाव्या वर्षींहि एक शब्द बोलत नाहीं, स्वतःचें डोकें भिंतीवर आपटतें, ज्याला रात्रंदिवस माणूस लागतो, त्या आईनें हे सुंदर निबंध वाचून काय करावें? हा आक्षेप हलका नाहीं. अशाच भावनेनें अमेरिकेंत २०१९ सालीं तीव्र स्वमग्नतेसाठीं निराळें राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. अपंगांच्या चळवळीचें जें घोषवाक्य या संस्थेनेंहि उचललें, त्याचें मराठी 'आमच्यावांचून आमच्याविषयीं कांहीं नाहीं' असें होईल. इंग्रजींत येथें एकच सर्वनाम पुरतें. मराठींत तसें भागत नाहीं. ऐकणाऱ्याला वगळून बोलावयाचें तर 'आम्ही' आणि त्याला धरून बोलावयाचें तर 'आपण', असा निवाडा आधीं करावा लागतो. त्या आईचा प्रश्न नेमका हाच आहे: तुमच्या 'आम्ही'मध्यें माझें मूल आहे काय?

या प्रश्नाला चळवळींतल्या कांहींनीं जें उत्तर शोधलें तें आम्हांला धोक्याचें वाटतें. न बोलणाऱ्याच्या हाताला किंवा दंडाला दुसऱ्यानें आधार देऊन त्याच्याकडून अक्षरें दाबवून घेण्याची एक पद्धति आहे. १९९० नंतरच्या चांचण्यांत, आधार देणाऱ्याला प्रश्न ठाऊक नसला कीं उत्तरहि येत नाहीं, असें दिसून आलें. लिहिणारा तो आधार देणाराच होता, बहुधा त्याच्या नकळत. २०१८ सालीं वाणी आणि भाषा यांच्या अमेरिकन तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेनें या पद्धतीविरुद्ध आणि तिच्याशीं मिळत्याजुळत्या दुसऱ्या एका पद्धतीविरुद्ध स्पष्ट मत दिलें. स्वतंत्रपणें टंकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पण ज्या चळवळीनें खोट्या 'मी'विरुद्ध पहिली लढाई जिंकली, तिनें मायेपोटीं जन्मलेल्या खोट्या 'मी'कडेहि तितक्याच कडक नजरेनें पाहिलें पाहिजे. रोगाच्या तोंडीं घातलेले शब्द आणि मुलाच्या बोटांत घातलेले शब्द, दोन्हींत मूल मुकेंच राहतें.

असें असूनहि आमचा कौल अखेर या चळवळीच्या बाजूनें पडतो, आणि त्याचें कारण एका घटनेंत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेंत स्वमग्न आणि मतिमंद रहिवाशांची वागणूक सुधारण्यासाठीं त्यांच्या कातडीला विजेचे झटके देण्यांत येत. मार्च २०२० मध्यें अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें या यंत्राच्या तशा वापरावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्यें, प्रशासनाला तसा अधिकार नाहीं म्हणून, न्यायालयानें ती रद्द केली. डिसेंबर २०२२ मध्यें काँग्रेसनें कायदा बदलून तो अधिकार दिला आणि मार्च २०२४ मध्यें प्रशासनानें बंदीचा नवा प्रस्ताव मांडला. या सबंध काळांत झटक्यांविरुद्ध नेटानें उभे राहिले त्यांत हे बोलके, लिहिते स्वमग्न लोक होते. आणि झटके चालू राहावेत म्हणून न्यायालयांत गेले त्यांत त्या रहिवाशांचे कांहीं आईबाप होते. त्या आईबापांना आपल्या मुलांवर माया नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु मायेचा 'आम्ही' आणि सोसणाऱ्याचा 'आम्ही' हे एकच असतात हा समज येथें टिकत नाहीं. ज्याला लहानपणीं 'हात शांत' म्हणून दरडावलें गेलें, त्याला झटक्याचा अर्थ कळण्यास त्या न बोलणाऱ्याइतकेंच मुकें असावें लागत नाहीं. प्रतिनिधित्व हें हुबेहूब सारखेपणावर उभें नसतें. एकाच काठीच्या टप्प्यांत आपणहि आहों या जाणिवेवर तें उभें असतें.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग-कायद्यांत स्वमग्नतेचें नांव नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत तें आलें आणि २०१६ च्या कायद्यानें मानलेल्या एकवीस प्रकारांत त्याला स्थान मिळालें. भारतानें २००७ सालीं मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करार तर असें सांगतो कीं, अपंगांविषयीं धोरणें ठरवितांना त्यांच्या प्रातिनिधिक संस्थांमार्फत त्यांचाच सल्ला घ्यावा. कायद्यांत नांव आलें. आतां प्रश्न भाषेचा उरतो. आपण 'स्वमग्नताग्रस्त' असें सहज लिहून जातों. राहूनें ग्रासलेल्या चंद्राप्रमाणें रोगानें गिळलेलें मूल, ही खंडणीच्या पत्रांतलीच प्रतिमा त्या एका प्रत्ययवजा शब्दांत लपलेली आहे. नुसतें 'स्वमग्न' म्हणावें तर त्यांतहि स्वतःपलीकडे न पाहण्याचा ठपका आहे. आणि ज्यांना आपण हें नांव दिलें त्यांच्या वाङ्मयाचा आद्य निबंध मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दुसऱ्याला, आईबापांना, उद्देशून लिहिलेला आहे. मग मग्न कोण?

मराठी टीकाकाराला 'आम्ही' लिहिण्याची जुनी संवय आहे, आणि हा लेखहि तिला अपवाद नाहीं. ती संवय सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या दिवशीं मराठींत एखादा स्वमग्न लेखक आपल्या आईबापांना, शिक्षकांना किंवा आम्हांला उद्देशून पत्र लिहील, त्या दिवशीं त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारण्याआधीं, त्यानें 'आम्ही' लिहिलें आहे कीं 'आपण', एवढें तरी आम्हीं नीट वाचलें पाहिजे. त्यानें 'आपण' लिहिलें असेल, तर तो उपकार त्याचा आमच्यावर होईल.